फ्लॉरेन्समधला शेवटचा दिवस

बॅगा आदल्या रात्रीच भरून झाल्या होत्या. दुपारी चारची रोमची गाडी आणि रात्री विमान. इटलीतली ही आमची तिसरी खेप आणि बहुतेक शेवटची. गुडघे आता दगडी रस्त्यांवर फार चालू देत नाहीत, आणि एवढ्या लांबचा प्रवास पुन्हा परवडेल असंही दिसत नाही. हे आम्ही दोघांनी एकमेकांना बोलून दाखवलं नव्हतं. सकाळी कॉफी पिताना नवऱ्याने नुसतं विचारलं, "आज कुठे?" मी म्हटलं, "आज राजाकडे."

आत्या, मावशी, तुम्हाला लगेच कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते.

फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला, अर्नो नदीच्या कडेने, काशिने नावाची लांबच लांब बाग आहे. तिच्या अगदी टोकाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी अर्नोला मिळते, तिथे कोल्हापूरच्या छत्रपतींची छत्री आहे. हो, कोल्हापूरच्या! दुसरे राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, आणि या संगमावर त्यांचं दहन झालं. तेव्हा त्यांना एकविसावं वर्ष चालू होतं.

माझे बाबा राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. ते कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते हेच राजाराम. (शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव राजाराम वेगळे आणि शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम आणखी वेगळे. हा घोळ कोल्हापुरातसुद्धा होतो.) मी पहिल्यांदा इटलीला निघाले तेव्हा बाबा म्हणाले होते, "तिथं आपला राजा एकटा बसलाय. जाऊन ये." मी गेले नाही. त्या वेळी बोत्तिचेल्लीच्या चित्रांसमोर दोन दिवस कसे गेले ते कळलंच नाही. दुसऱ्या खेपेला पाऊस होता, आणि "पुढच्या वेळी नक्की" असं मी फोनवर सांगितलं. पुढची वेळ आली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि तोवर बाबा नव्हते. असो.

ट्रामने काशिनेपर्यंत गेलो. मंगळवार होता, म्हणजे बागेतला आठवडी बाजार. चपला, पडदे, चीज, भाजी, आरडाओरडा, अगदी आपल्यासारखंच. नवरा एका टोप्यांच्या दुकानापाशी रेंगाळायला लागला, त्याला ओढून पुढे नेलं. बाजार संपला की मग नुसती झाडं, सायकलवाले आणि कुत्री फिरवणारी माणसं. चालायचं अंतर चांगलं अडीच-तीन किलोमीटर असेल. वाटेत तीनदा बसले.

बसल्या बसल्या नवऱ्याला सगळी गोष्ट सांगितली. महाराज मूळचे पाटणकर घराण्यातले, नागोजीराव त्यांचं नाव. १८६६ मध्ये दत्तक आले आणि त्याच वर्षी गादीवर बसले. इंग्रजी शिकले. १८७० मध्ये विलायतेला निघाले. त्या काळात समुद्र ओलांडणं म्हणजे काय होतं हे आपल्याला आज नीटसं कळणारच नाही. धर्म बुडतो असं मानणारी माणसं घराघरात होती, आणि गादीवरच्या माणसाने हे करायचं म्हणजे तर फारच. बरोबर कॅप्टन वेस्ट हा इंग्रज अधिकारी आणि आपली माणसं. इंग्लंडात काही महिने राहिले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, पार्लमेंट पाहिलं. हे सगळं ते इंग्रजीत रोजनिशीत लिहीत गेले. ती रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर, १८७२ मध्ये, वेस्टने लंडनला छापून आणली.

मला त्या रोजनिशीबद्दल एक शंका कायम वाटत आली आहे. शेवटी संपादक साहेबच होता. राजाला काय आवडलं ते पुस्तकात येणार, पण साहेबाला आवडणार नाही असं राजाच्या मनात काही आलं असेल तर? मात्र वीस वर्षांच्या मुलाचं कुतूहल तिच्यात आहे, ते कुणी घुसडलेलं वाटत नाही. आज हे पाहिलं, उद्या ते पाहणार, असा धडाका. शिकायला आलेल्या मुलासारखा.

परतीच्या वेळी फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं होतं. पॅरिसला वेढा पडला होता. म्हणून फ्रान्स टाळून बेल्जियम, जर्मनी, आल्प्स असा फेरा घेत ही मंडळी इटलीत उतरली. ऐन थंडीची सुरुवात. वाटेत महाराज आजारी पडले, आणि फ्लॉरेन्सला पोचेपर्यंत दुखणं फार वाढलं. अर्नोच्या काठी ओन्यीसांती चौकात एका हॉटेलात उतरले, तिथेच गेले. त्याच चौकातल्या चर्चमध्ये बोत्तिचेल्लीला पुरलं आहे. म्हणजे मी पहिल्या खेपेला ज्याच्यापायी राजाकडे गेले नाही, तो माणूस राजाच्या शेवटच्या मुक्कामापासून हाकेच्या अंतरावर!

हे सगळं विलायतेला जाताना घडलं असतं तर मला कदाचित इतकं लागलं नसतं. पण तो घरी चालला होता. सगळं पाहून झालं होतं, मनात काय काय बेत असतील, आता घर, एवढंच राहिलं होतं.

मग प्रश्न आला दहनाचा. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं (राजधानी रोमला गेली १८७१ मध्ये), पण प्रेत जाळणं तिथे कुणी पाहिलेलं नव्हतं. रीतसर परवानगी काढावी लागली. हिंदू धर्माप्रमाणे दहन नद्यांच्या संगमावर व्हावं, म्हणून शहराबाहेरची ही जागा. रात्री चिता रचली आणि ते पाहायला लोक लोटले. परक्या देशात, थंडीत, साहेबांशी आणि नगरपालिकेशी बोलून हे सगळं पार पाडणाऱ्या त्या बरोबरच्या कोल्हापूरकरांचा मी फार विचार करते. कोल्हापूरला आपल्या घाटावर राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत, समोर पंचगंगा. ती पाच नद्यांची, ही दोन नद्यांची. त्यांना त्या रात्री हे सुचलं असेल का? मला तर सुचलंच.

युरोपात दहनाची चर्चा तेव्हा नुकती सुरू झाली होती. पुढे सहाच वर्षांनी, १८७६ मध्ये, मिलानला दहनगृह उभं राहिलं. त्याचं श्रेय या एका चितेला देणं मला जरा जास्तच वाटतं, पण इतक्या इटालियन माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं पहिलं दहन बहुधा हेच असावं.

छत्री दिसली ती झाडांतून अचानक. चार खांब, वर घुमट, आणि खाली फेटा नि दागिने ल्यालेला रंगीत अर्धपुतळा. १८७४ चं काम. पुतळा फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या फुलर या इंग्रज शिल्पकाराचा आणि छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. मँट म्हणजे आपला नवा राजवाडा ज्याने आखला तोच! बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्याचाच. चौथऱ्यावर इंग्रजी, इटालियन आणि आपल्याकडची अक्षरंही कोरलेली आहेत. ऊन तिरपं येत होतं, आणि चष्मा हॉटेलवर बॅगेत बांधलेला, त्यामुळे मला काही धड वाचता आलं नाही.

भोवती लोखंडी कठडा. मागे मोठा पूल, त्याच्यावरून गाड्यांचा सतत घोंघाट. त्या पुलाला या माणसावरूनच 'इंदियानो' म्हणतात, म्हणजे 'भारतीय'. या सगळ्या भागालाच ते म्हणतात. रोज हजारो माणसं हा शब्द उच्चारतात, पण तो कोण होता हे किती जणांना ठाऊक असेल? शेजारच्या बाकावर एक आजोबा कुत्रा घेऊन बसले होते. मी पुतळ्याकडे आणि मग स्वतःकडे बोट दाखवून मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं, "माझ्या गावचा." त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे टोपी काढली. मला हसूही आलं आणि रडूही.

बाबांचा निरोप होता, तो सांगितला. मोठ्याने नाही, नवरा आणि आजोबा दोघंही ऐकत होते. नवरा जरा लांब जाऊन फोटो काढत राहिला, मुद्दामच.

नंतर संगमापर्यंत गेले. मुन्योने म्हणजे खरं तर ओढाच, आपल्या जयंती नाल्यापेक्षा फार मोठी नाही. पाणी गढूळ. त्यात एक पांढरा बगळा निवांत उभा होता. त्याच्याकडे पाहत किती वेळ गेला ते समजलं नाही. नवऱ्याने हाक मारली, "गाडी चुकेल हं."

येताना बाजार आवरत आला होता. टोप्यांचं दुकान उठलेलं. नवऱ्याने त्यावरून रोमपर्यंत मला ऐकवलं.

फोटो आईला दाखवला तेव्हा तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "किती लहान दिसतोय गं."