परदेशगमन, प्रत्यागमन आणि ज्ञाती

परदेशगमनाच्या इतिहासात प्रस्थानाच्या कथा विपुल आढळतात; प्रत्यागमनाचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. वास्तविक पाहता, प्रवासी आगबोटीतून उतरला म्हणजे तो घरी पोचलाच असे नाही. घरी पोचणे जितके त्याच्या हाती, तितकेच ज्यांनी दार उघडावयाचे त्यांच्याही हाती असते. आपली स्मरणिका ज्ञातिबांधवांच्या घरोघरी जाते, म्हणून हा विषय येथे मांडणे उचित वाटते.

प्रथम शास्त्राकडे पाहू. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केली. परंतु तेथे प्रायश्चित्ताची वाटही सांगितलेली आहे. उत्तरेकडील लोकांच्या आचारांत त्याच सूत्राने समुद्रगमनाचा निर्देश केला आहे, यावरून लोक जात होते हे उघड होते. पुढे कलिवर्ज्याचे नियम रचले गेले, तेव्हा बंधन अधिक कठोर झाले. नौकेने समुद्र ओलांडलेला द्विज प्रायश्चित्ताने शुद्ध झाला, तरी त्याचा संग्रह करू नये, असे ठरले. या वचनाचा सारा रोख परत घेण्यावर आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांना या अडचणीची पूर्ण जाणीव होती. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे भाषण करताना, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवून त्या नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभाग त्यांची वाट पाहत होता; परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा अमेरिकेत श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे गेली, आणि त्यांनी ती पकिप्सी येथील आपल्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवली. परक्या कुटुंबाने आपल्या माणसांत त्यांना दिलेली ही जागा आपणांस अंतर्मुख करणारी आहे.

दुसरे उदाहरण मोहनदास गांधी यांचे. १८८८ साली विलायतेस निघण्यापूर्वी मुंबईत त्यांच्या मोढ वणिक ज्ञातीची सभा भरली आणि त्यांना ज्ञातिबाह्य ठरविण्यात आले. जो कोणी त्यांस साहाय्य करील वा धक्क्यावर निरोप देण्यास जाईल, त्यास सव्वा रुपया दंड असा हुकूम सुटला. १८९१ साली ते बॅरिस्टर होऊन परतले. मातोश्री निवर्तल्याचे वृत्त त्यांना मुंबईत बंधूंकडून कळले. बंधूंनी त्यांना नाशिकास नेऊन गोदावरीत स्नान घडविले आणि राजकोटास ज्ञातिभोजन दिले. एका तटाने त्यांना पदरात घेतले, दुसऱ्याने घेतले नाही. बहिष्काराचा नियम मोडू नये म्हणून ते सासुरवाडीस पाणीदेखील पीत नसत. ज्ञातीविषयी त्यांनी मनात कटुता ठेवली नाही. पण ज्ञातीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा याचना करण्यासही गेले नाहीत.

तिसरे उदाहरण याहून दारुण आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथे अध्ययन करून १९१७ साली ते स्वदेशी आले व करारानुसार बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. शहरात राहावयास जागा मिळेना, म्हणून ते नाव बदलून पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारून पाहिले, तेथेही सोय झाली नाही. अखेर सार्वजनिक बागेत वेळ काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. गांधींना समुद्र ओलांडल्याबद्दल जाब विचारला गेला होता. आंबेडकरांना जन्माबद्दल विचारला गेला, आणि त्यावर कोणतेच प्रायश्चित्त नव्हते.

कायद्याने पुढे ज्ञातीचे हात बांधले. बहिष्कृताचा वारसाहक्क १८५० च्या कायद्यानेच सुरक्षित केला होता. मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारप्रतिबंधक कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनाबाह्य ठरविला. तथापि महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला.

आज आपली मुले दहा-पंधरा वर्षे अमेरिकेत वा जर्मनीत राहून परततात. त्यांना कोणी प्रायश्चित्त विचारीत नाही. पण नोकरी गेली म्हणून आला काय, सून कोणत्या जातीची, नातवंडांना मराठी का येत नाही, असे प्रश्न आपल्याच समारंभांतून कानी पडतात. आणि असे कुटुंब पुढील वर्षी संमेलनास येत नाही. हाही एक बहिष्कारच होय. त्यास सभा लागत नाही आणि ठरावही लागत नाही.

ज्ञातिबंधुभगिनींनो, दंड करण्याचा अधिकार आपल्या हातून गेला, हे उत्तमच झाले. उरले आहे ते परतलेल्या कुटुंबास घर शोधून देणे, मुलांच्या शाळाप्रवेशाची माहिती पुरविणे, आणि परजातीतून आलेल्या सुनेस हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे धाडणे. इतके जरी प्रत्येक विभागातील सभासदांनी मनावर घेतले, तरी पूर्वजांनी बंद केलेले एक दार आपल्या हातून उघडल्याचे समाधान लाभेल.