उजेडाचे औषध : एका उपचाराचा इतिहास

आधी रोगाचे कारण कळते आणि मग त्यावर उपाय सापडतो, अशी आपली वैद्यकाविषयी सर्वसाधारण समजूत असते. हा क्रम किती वेळा उलटा असतो याचे उदाहरण म्हणून आम्हांला ऋतुबद्ध नैराश्याचा इतिहास मोलाचा वाटतो. हिवाळ्याच्या तोंडाशी दरवर्षी न चुकता येणारे आणि वसंताबरोबर निघून जाणारे असे हे औदासीन्य. आपल्याकडे थंडी म्हणजे हुरड्याचे, कोवळ्या उन्हाचे दिवस. एरवी वर्षभर आपण सावलीच शोधत असतो. त्यामुळे उजेडाच्या अभावाने माणूस आजारी पडतो, हे आपल्या सहजी पचनी पडत नाही. पण जिथे सूर्य महिनोन् महिने क्षितिजाला चिकटून असतो, त्या उत्तरेकडच्या देशांतील डॉक्टरांनाही ते उशिराच पटले.

१८९८ साली ‘बेल्जिका’ हे जहाज अंटार्क्टिकच्या बर्फात अडकले. मे महिन्यात मावळलेला सूर्य सुमारे ७० दिवस उगवला नाही. खलाशी खिन्न झाले, त्यांची झोप बिघडली, काहींची मनेही ढळू लागली. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक यांना यामागे अंधार आहे असे वाटले. त्यांनी रुग्णांना उघड्या अंगाने धगधगत्या शेगडीसमोर बसवले. शिवाय पेंग्विन आणि सील यांचे ताजे मांस खायला लावले. माणसे सुधारली. त्यातला मोठा वाटा बहुधा मांसाचा असावा, कारण खलाशांना स्कर्व्हीही झाला होता आणि शेगडीचा उजेड तो कितीसा! तरीही अंधाराने आलेल्या आजारावर उजेडाचा उतारा, हा विचार तेथे स्पष्टपणे मांडला गेला होता. कुक यांनी १९०० साली त्यावर पुस्तकही लिहिले. पण प्रकाश शरीरात नेमके काय करतो हे सांगणारी उपपत्ती कोणाकडेच नव्हती, आणि उपपत्तीवाचूनचे निरीक्षण प्रवासवर्णनातली एक चमत्कारिक हकीकत होऊन राहिले.

ही उणीव भरून निघायला सुमारे ८० वर्षे लागली. १९५८ साली ॲरन लर्नर यांनी पीनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे संप्रेरक वेगळे काढले. ते रात्री स्रवते. रात्र किती लांब आहे हे प्राण्यांच्या शरीराला त्यावरून कळते, आणि त्यांच्या विणीचा हंगामही त्यावर ठरतो. माणसावर मात्र प्रकाशाचा असा परिणाम होत नाही, असा समज होता. १९८० साली आल्फ्रेड लेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो खोडून काढला. घरातल्या साध्या दिव्याने, म्हणजे ५०० लक्सने, जे साधले नव्हते ते २,५०० लक्सच्या प्रखर प्रकाशाने साधले : रात्रीचे मेलॅटोनिन रोखले गेले.

याच सुमारास हर्बर्ट कर्न नावाचे एक अभियंते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आले. वर्षानुवर्षे त्यांनी आपल्या मनाच्या चढउतारांच्या नोंदी ठेवल्या होत्या, आणि त्यांचा संबंध दिवसाच्या लांबीशी असावा हे स्वतःच ताडले होते. ऐन हिवाळ्यात त्यांना सकाळ-संध्याकाळ तीन-तीन तास प्रखर दिव्यांसमोर बसवण्यात आले. थोड्याच दिवसांत मळभ ओसरू लागले. १९८२ साली या उपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकांच्या नावांत कर्न यांचेही नाव होते. रुग्णाची वही शास्त्राने पुरावा म्हणून स्वीकारल्याचा हा प्रसंग आम्हांला या इतिहासाचा गाभा वाटतो.

त्या लेखकांपैकी नॉर्मन रोझेन्थाल १९७६ साली जोहान्सबर्गहून न्यूयॉर्कला आले होते. तिथल्या हिवाळ्यात आपली उमेद मावळते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. बॉस्टन-टोरांटोला गेलेल्या आपल्या कित्येक मंडळींनाही हा अनुभव अपरिचित नसावा. उन्हात वाढलेल्यालाच अंधार चटकन जाणवतो! १९८४ साली रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी २९ रुग्णांची लक्षणे नोंदवून या विकाराला नाव दिले. अतिझोप, गोड आणि पिष्टमय पदार्थांची ओढ, वाढते वजन. आळस म्हणून आजवर जे हिणवले जाई, त्याला आता आजार म्हटले जाऊ लागले. हा बदल रुग्णांच्या दृष्टीने लहान नव्हता.

पण ज्या उपपत्तीने उपचाराला दार उघडले, तीच पुढे डळमळली. १९८८ साली मेलॅटोनिन रोखणारे औषध देऊन पाहिले, तर नैराश्य एकंदरीत हटले नाही. दिवस लांबवण्यापेक्षा पहाटेचा प्रकाश अधिक गुणकारी ठरतो, असे पुढे दिसले. म्हणजे प्रश्न शरीराच्या घड्याळाचा असावा. शिवाय उजेड लपवता येत नाही, मग प्लासिबो कोणता द्यायचा? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यासाठी ऋण आयन सोडणारे म्हणून सांगितलेले, पण बंद केलेले यंत्र वापरण्यात आले. या कसोटीलाही पहाटेचा प्रकाश उतरला. २००२ साली दृष्टिपटलातील काही पेशी स्वतःच प्रकाश टिपून तो मेंदूतल्या घड्याळाला कळवतात, हे दाखवले गेले.

वाद मात्र संपलेला नाही. आइसलँडमध्ये हा विकार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा कमी आढळतो, असे १९९३ सालची पाहणी सांगते. २०१६ साली एका अमेरिकी अभ्यासाने तर नैराश्य आणि ऋतू यांचा संबंधच नाकारला. त्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगात ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यातही प्रकाशाचा उपयोग दिसला. म्हणजे रोगाच्या सीमारेषा पुसट होत असताना उपचाराचे क्षेत्र विस्तारत आहे. आज रुळलेली पद्धत साधी आहे : उठल्यावर लवकर, १०,००० लक्सच्या दिव्यासमोर सुमारे अर्धा तास. मात्र डोळ्यांचे विकार किंवा उन्माद-नैराश्याचा इतिहास असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून हा प्रयोग करू नये.

कुक यांच्याकडे उपाय होता, उपपत्ती नव्हती. म्हणून तो विसरला गेला. लेवींकडे उपपत्ती होती, म्हणून उपाय स्वीकारला गेला. पुढे उपपत्ती बदलली, तरी उपाय टिकला. यावरून आम्हांला एवढेच म्हणावेसे वाटते की, दुखणाईत माणूस आपल्या दुखण्याविषयी जे सांगतो, ते आपल्या शास्त्रात बसत नाही म्हणून खोटे ठरवण्याची घाई करू नये. शास्त्र त्याच्यापर्यंत पोहोचायला कधी कधी ८० वर्षे लागतात.