गाडी चालू, टीम बंद

२००६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. यवतमाळहून आर्णीला एका कविसंमेलनाला निघालो होतो. एस.टी. चुकली म्हणून काळीपिवळीत बसलो. काळीपिवळी म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. नऊ माणसांची गाडी, पण चौदा भरल्याशिवाय जागची हलत नाही. मला ड्रायव्हरच्या बाजूला अर्धी सीट मिळाली. समोर काचेखाली, देवाच्या फोटोशेजारी, वर्तमानपत्रातून कापलेलं एक चित्र चिकटवलेलं होतं. लाल जर्सीतले खेळाडू आणि मध्ये चषक.

'हे कोण?' मी विचारलं.

'महिंद्राची टीम हाय ना भाऊ. आपल्या गाडीची टीम. साऱ्या देशात पयली आली.'

या माणसानं जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. मुंबईही पाहिलेली नव्हती. पण ज्या जीपवर त्याचं घर चालत होतं, तिच्या नावाचा एक संघ मुंबईत आहे आणि तो जिंकला आहे, एवढं त्याला पुरेसं होतं. रेडिओवर खेळाच्या इतिहासावर बोलायला सांगितलं, तेव्हा मला क्रिकेट आठवलं नाही, ते चित्र आठवलं. त्या संघाचीच ही कहाणी.

आधी थोडं कंपनीविषयी. २ ऑक्टोबर १९४५ रोजी तिची सुरुवात झाली, तेव्हा तिचं नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि त्यांच्याबरोबर मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. 'एम अँड एम' ही अक्षरं मात्र तीच राहिली. मी साधा बी.ए. झालेला माणूस, धंद्यातलं मला काही कळत नाही. पण अक्षरं तीच आणि माणूस बदललेला, हा प्रकार कवीला अस्वस्थ करतो खरा.

याच कंपनीनं अमेरिकेच्या विलीज जीपचे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढे ही जीप खेड्यापाड्यांत पोचली. फुटबॉलचा संघ उभा राहिला १९६२ मध्ये. पहिलं नाव अगदीच रूक्ष होतं, 'महिंद्रा अँड महिंद्रा अलाईड ऑफिस'. नावातच ऑफिस! पण त्या काळच्या मुंबईत त्यात नवल नव्हतं. टाटा, तेल कंपन्या, रेल्वे, बँका, गिरण्या, सगळ्यांचे संघ होते. खेळाडूला नोकरी मिळायची. सकाळी हजेरीपटावर सही, दुपारी सरावाला सुटी, संध्याकाळी कूपरेजवर हारवूड लीगचा सामना. गुडघा मोडला तरी पगार सुरू राहायचा. आज ही व्यवस्था कुणाला मागासलेली वाटेल. पण चाळीत राहणाऱ्या किंवा गोव्याहून आलेल्या पोराला 'खेळ पुरे, आता पोटाचं बघ' असं सांगायची वेळ तिनं येऊ दिली नाही, हेही तितकंच खरं. १८९१ पासून मुंबईत रोव्हर्स कप खेळला जात असे. १९५८ मध्ये तो कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघानं जिंकला. ती कंपनी १९७८ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली, आणि तिच्या संघाचं नाव आज जुन्या जाणकारांनाच ठाऊक आहे. इतिहासातला हा इशारा तेव्हा कुणी ऐकला नाही.

महिंद्राचा संघ कितीतरी वर्षं मुंबईपुरताच मोठा होता. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि फुटबॉल उघडपणे पैशाचा खेळ झाला. ऑफिसातले संघ मागे पडू लागले. महिंद्रानं उलटी वाट धरली, अधिक पैसा घातला, बाहेरचे खेळाडू आणले. १९९८ मध्ये दिल्लीचा ड्युरँड कप जिंकला. पुढे ऑफिसचं नाव टाकून 'महिंद्रा युनायटेड' हे नाव घेतलं. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ मध्ये फेडरेशन कप. लोक त्यांना 'जीपमेन' म्हणत. जीपवाले!

आणि मग तो मोसम आला, २००५-०६ चा. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, स्वतः भारताकडून बचाव फळीत खेळलेले. पुढच्या फळीत घानाचा युसिफ याकुबू आणि ब्राझीलचा होझे रामिरेझ बारेटो. बारेटो म्हणजे कोलकात्यात मोहन बागानच्या लोकांनी डोक्यावर घेतलेला खेळाडू. तो मुंबईत आला आणि इथेही खेळून गेला. बाजूनं धावणारा स्टीव्हन डायस मुंबईचाच. आधी फेडरेशन कप आला, मग लीग. भारतीय फुटबॉल म्हणजे कोलकाता आणि गोवा, हे पाठ झालेल्या देशात ईस्ट बंगाल, मोहन बागान, डेम्पो या सगळ्यांना मागे टाकून महाराष्ट्राचा एक संघ विजेता ठरला. राष्ट्रीय लीग जिंकणारा महाराष्ट्रातला तो एकमेव संघ. काळीपिवळीतलं चित्र त्याच विजयाचं.

घोडदौड तिथे थांबली नाही. २००६ आणि २००८ मध्ये कोलकात्यात जाऊन आयएफए शिल्ड आणली. २००७ मध्ये आशियातल्या एएफसी कपात उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत भारतानं सीरियाला एक-शून्यनं हरवून नेहरू कप जिंकला. तो एकुलता गोल करणारा एन. पी. प्रदीप महिंद्राचाच. २००८ मध्ये तिसरा ड्युरँड.

त्या काळात एका मुशायऱ्यासाठी मुंबईला गेलो होतो. दुपार मोकळी होती. मंत्रालयापासून चालत कूपरेजला गेलो आणि महिंद्राचा सामना पाहिला. खेळ छान झाला. पण माझं लक्ष सारखं प्रेक्षकांकडे जात होतं. एका बाजूला कंपनीतले लोक, गळ्यात ओळखपत्र अडकवून आलेले. दुसरीकडे शाळेची पोरं, रांगेनं आणून बसवलेली. काही जुने गोवेकर म्हातारे, हातात शेंगदाण्याची पुडी. मधले बाक रिकामे. गोल झाला तेव्हा टाळ्या वाजल्या, आरोळी उठली नाही. देशातला एक सर्वोत्तम संघ माझ्यापासून वीस पावलांवर खेळत होता आणि शेजारी बसलेल्या माणसाला गोलकीपरचं नाव माहीत नव्हतं. यवतमाळला परतल्यावर हे मी त्या ड्रायव्हरला सांगितलं नाही. उगाच त्याचं मन कशाला मोडायचं?

२०१० मध्ये महिंद्रानं जाहीर केलं, की या मोसमानंतर संघ बंद. शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे पैसा आणि लक्ष वळवायचं, असं कारण दिलं गेलं. कारण वाईट नव्हतं. कुणाचा पगार बुडाला नव्हता, संघ रसातळाला गेला नव्हता. अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ, कपाटात देशातले बहुतेक मोठे चषक, आणि एका निर्णयानं सगळं आटोपलं. ना मोर्चा निघाला, ना बाचाबाची झाली.

काही दिवसांनी बसस्थानकाजवळ तो ड्रायव्हर भेटला. त्यानंच विषय काढला.

'टीम बंद झाली म्हन्ते पेपरात. काऊन?'

'कंपनीनं ठरवलं.'

'पन गाडी त चालू हाय. मंग टीम काऊन बंद?' मग थोडं थांबून तो म्हणाला, 'अन् पाहनाऱ्यायनं काई म्हटलं नाई?'

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कूपरेजचे ते रिकामे बाक डोळ्यांसमोर आले. आणि त्या रात्री, कशी कोण जाणे, फार दूरच्या एका संघाची आठवण झाली.

१९८७ चा डिसेंबर. मी तेव्हा कॉलेजात जाणारा, फुटबॉलचा वेडा. वाचनालयात पेपर चाळताना परदेशी बातम्यांत चार ओळी दिसल्या. पेरू देशातल्या आलियान्झा लिमा या फुटबॉल संघाचं विमान समुद्रात कोसळलं होतं. पुढे जिथे मिळेल तिथे या संघाविषयी वाचत गेलो. १९०१ मध्ये लिमा शहरात घोड्यांच्या एका तबेल्याच्या आसऱ्यानं पोरांनी काढलेला हा क्लब. तबेल्याचं नाव आलियान्झा, तेच क्लबचं झालं. काळ्या आणि कष्टकरी वस्त्यांनी तो आपला मानला, ला व्हिक्टोरिया या मोहल्ल्याशी त्याची गाठ कायमची बसली. एरवी निळ्या-पांढऱ्या कपड्यांत खेळणारा हा संघ ऑक्टोबरात जांभळी जर्सी घालतो, कारण त्या महिन्यात शहरात 'चमत्कारांच्या प्रभू'ची यात्रा असते आणि भाविक जांभळं नेसतात. म्हणजे शहराचा उत्सव तोच संघाचा. आपल्याकडच्या उरुसाची आणि जत्रेची आठवण व्हावी असं हे सगळं.

८ डिसेंबर १९८७ ला पुकाल्पा गावातला सामना आटोपून हा संघ नौदलाच्या विमानानं परतत होता. लिमाजवळ विमान समुद्रात पडलं. ४३ जण गेले, त्यांत १६ खेळाडू. वाचला तो फक्त वैमानिक. प्रशिक्षकही गेले. एका रात्रीत संघ म्हणून काहीच उरलं नाही.

पण क्लब बंद झाला नाही. शेजारच्या चिलीतल्या कोलो-कोलो क्लबानं आपले काही खेळाडू उसने दिले. निवृत्त झालेले जुने खेळाडू मैदानात उतरले. त्यांत तेओफिलो कुबियास होता, १९७० आणि १९७८ च्या विश्वचषकांत पाच-पाच गोल मारणारा, तेव्हा चाळिशीला टेकलेला. पुढचा राष्ट्रीय किताब जिंकायला १९९७ साल उजाडलं. तोवर लोक येत राहिले, हरलेले सामने पाहत राहिले.

एका क्लबाचे खेळाडू गेले तरी क्लब राहिला. दुसऱ्याचे खेळाडू, चषक, पैसा सगळं शाबूत होतं आणि क्लब गेला. आपल्याला यवतमाळकरांना मालकी म्हणजे काय ते शकुंतला रेल्वेनं शिकवलेलं आहे. आपण तिला लेकीसारखं नाव घेऊन हाक मारली, पण रूळ विलायती कंपनीचेच राहिले.

महिंद्रानंतर रांगच लागली. पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. महाराष्ट्रात पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१५ पर्यंत संपला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये गेला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. मुंबई एफसीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये हा संघ तळाला राहिला, खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि बंदच पडला. त्याच मोसमात तक्त्यात सर्वांत वर होता मिझोरामचा ऐजॉल एफसी. डोंगरातल्या गावाचा, थोडक्या पैशांचा संघ, आणि मागे अख्खं गाव उभं. त्याचा प्रशिक्षक होता खालिद जमील. हा खालिद खेळाडू म्हणून महिंद्रातच पुढे आला होता आणि ऐजॉलच्या आधी मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता. २०२५ मध्ये तो भारताच्या राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.

मग कंपनीचे संघ वाईट आणि मोहल्ल्याचे चांगले, असं म्हणायचं का? एवढं सोपं नाही ते. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने असले की शाहू स्टेडियमकडे गाव लोटतं. घराघरांत कोणत्या तालमीचे, यावरून रुसवेफुगवे होतात. तिथे क्लब बंद करायची कुणाची छाती नाही. पण त्या तालमींतून देशाची लीग जिंकणारा संघ उभा राहिला नाही. त्याला लागणारा पैसा, प्रवास, डॉक्टर, वर्षभराचा पगार तालमीनं आणायचा कुठून? हे सगळं महिंद्राकडे होतं. नव्हता तो मोहल्ला. आपल्या राज्यात या दोन गोष्टी एका मैदानावर कधी आल्याच नाहीत, ही माझी खंत आहे.

विदर्भात फुटबॉल जगवला तो नागपूर-कामठीनं. कामठी ही जुनी छावणी, गोऱ्या सोल्जरांचा खेळ बघून पोरं शिकली. तिथला रब्बानी, नागपूरचा यंग मुस्लिम, हे मोहल्ल्यांतून वाढलेले क्लब. काही वर्षांपूर्वी नातेवाइकांकडे कामठीला गेलो असताना संध्याकाळी एका मैदानावर सामना बघायला थांबलो. भिंतीवर, झाडावर, सायकलींच्या कॅरिअरवर माणसं बसलेली. शेजारचे चाचा प्रत्येक पोराच्या बापाचं नाव सांगत होते, आणि बाप कोणत्या जागी खेळायचा तेही. मध्यंतरात एक मुलगा रुमाल पसरून फिरू लागला. एका बचावपटूच्या पायाचं ऑपरेशन होतं, त्याची वर्गणी. चाचांनी शंभराची नोट टाकली. मी पन्नास टाकले. आम्ही ज्यांच्या बाजूनं ओरडत होतो तो संघ तीन-एकनं हरला, आणि तो बचावपटू कोणत्या बाजूचा होता, हे विचारायचं राहूनच गेलं.