शाळेची घंटा आणि प्रार्थना

स्मरणिका म्हटली म्हणजे तींत मंदिराच्या बांधकामाची हकीकत, देणगीदारांची नांवें आणि जुन्या धर्मगुरूंच्या आठवणी यांस मानाचें स्थान मिळावें हें योग्यच होय. परंतु ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं वाचकांचें लक्ष आम्ही एका लहानशा गोष्टीकडे वेधूं इच्छितों. कॅथलिक प्राथमिक शाळेंत सकाळीं घंटा होते, मुलें ओळीनें उभीं राहतात, हात जोडतात, आणि दोन-तीन मिनिटें प्रार्थना होते. हीं दोन-तीन मिनिटें आमच्याकडे कोठून आलीं, आणि तीं नेमकीं कोणाचीं? सालेकसा येथील मुलांत गोंड आहेत, पोवार आहेत, बौद्ध आहेत. कॅथलिक तीं किती थोडीं! अशा ठिकाणीं हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे; तो रोज सकाळीं आमच्यापुढें उभा राहतो. तेव्हां इतिहास काय सांगतो तें पाहूं.

६ मे १५४२ रोजीं संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. तेथें त्यांनीं हातांत घंटा घेतली व रस्त्यारस्त्यानें ती वाजवीत मुलांना व दासदासींना धर्मशिक्षणासाठीं बोलाविलें. आमच्या शाळेच्या घंटेची ही वडील बहीणच म्हणावयाची! पुढें दक्षिणेंतील कोळ्यांच्या किनाऱ्यावर ते गेले, तेव्हां त्यांच्या एक गोष्ट ध्यानांत आली: लोकांचा बाप्तिस्मा झाला होता, पण प्रार्थना त्यांच्या भाषेंत नव्हती. म्हणून दोन्ही भाषा जाणणारीं माणसें गोळा करून त्यांनीं श्रद्धेचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना व नमो मरिया यांचें तमिळ भाषांतर करविलें, मोठ्या कष्टानें तें स्वतः पाठ केलें, आणि मगच मुलांना शिकविलें. मुलांनीं घरीं जाऊन तें आईबापांस व शेजाऱ्यांस शिकवावें, असा त्यांचा आग्रह असे. म्हणजे गुरु आधीं मुलाच्या भाषेचा विद्यार्थी झाला, आणि मग मूल आपल्या घरचा गुरु झालें. शाळेंतील प्रार्थनेचें सारें मर्म या एका वाक्यांत आहे असें आम्हांस वाटतें.

मराठी वाचकाला याहून जवळचें उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचें. हे इंग्रज येशूसंघी १५७९ सालीं गोव्यास आले व आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनीं साष्टी भागांत वेंचिला. त्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापून निघालें. त्या ग्रंथाच्या आरंभींचा प्रसंग मोठा बोलका आहे. मंदिरांत बालकांना दोत्रिन शिकविली जात असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांस विनवितो कीं, ही शिकवण चांगलीच आहे. पण आम्हां लोकांसाठीं आपल्या वाणींत एखादें पुराण कां नसावें? त्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ! नुसती पाठ केलेली दोत्रिन पुरेशी नाहीं, ती मनांत मुरली पाहिजे, हें लोकांनीं सांगितलें आणि धर्मगुरूनें तें ऐकिलें. यांत थोरवी दोघांचीही आहे.

परंतु सत्य लिहावयाचें तर उलट बाजूही लिहिली पाहिजे. १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलूं लागावें. लोकांच्या बोलीवरच राज्यसत्तेनें शस्त्र उपसलें! त्या हुकमानें काय साधलें? बोली तर आजही जिवंत आहे. आतां वसईकडे पाहा. १७३९ सालीं वसईचा किल्ला मराठ्यांनीं घेतला व पोर्तुगीज सत्ता तेथून गेली. पण वसईच्या ख्रिस्ती घरांतील प्रार्थना गेली नाहीं. हुकमानें लादलेलें टिकलें नाहीं आणि मायेनें दिलेलें हरवलें नाहीं.

आतां आपल्या विदर्भाकडे वळूं. संत फ्रान्सिस द सेल्स यांचें नांव धारण करणारे आनसीचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विशाखापट्टण येथें आले, व तेथून त्यांचें कार्य नागपूरपर्यंत पोहोंचलें. १८७० सालीं नागपुरांत त्यांची शाळा सुरू झाली. ११ जुलै १८८७ रोजीं नागपूरचा धर्मप्रांत स्थापन झाला. बिशप रिकाझ हे त्याचे पहिले धर्माध्यक्ष. योगायोग असा कीं, ज्या लोहमार्गावर आपलें सालेकसा वसलें आहे तो ताब्यांत घेणारी बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीही त्याच सालीं निघाली. गोव्यांतील पॅरिशच्या शाळेंत मुलें बहुधा एकाच श्रद्धेचीं असत. येथें मात्र आरंभापासूनच नाना धर्मांचीं मुलें एका छपराखालीं आलीं, आणि प्रार्थनेच्या प्रश्नाला नवें वळण लागलें.

त्या प्रश्नाचें उत्तर विसाव्या शतकांत धर्मसभेनें व देशानें, दोघांनींही, आपापल्या परीनें दिलें. संत दहावे पायस यांनीं ८ ऑगस्ट १९१० रोजीं सुमारें सात वर्षांच्या मुलांसाठीं पवित्र कम्युनियनचा मार्ग मोकळा केला. अट एवढीच, कीं मुलानें ही भाकर साधी भाकर नव्हे इतकें आपल्या वयाच्या मानानें ओळखावें. म्हणजे पाठांतरापेक्षां समज मोठी ठरली, आणि पहिली-दुसरीचा वर्ग हा उपासनेच्या तयारीचा वर्ग झाला. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेला वाव दिला. १९६५ सालीं तिनेंच जाहीर केलें कीं, श्रद्धेच्या बाबतींत कोणावरही सक्ती होतां कामा नये.

२६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेनेंही हेंच तत्त्व सांगितलें आहे. तिसाव्या अनुच्छेदानें अल्पसंख्याकांस स्वतःच्या शाळा चालविण्याचा हक्क दिला. आणि अठ्ठाविसाव्यानें ठरविलें कीं, सरकारमान्य वा अनुदानित शाळेंतील मुलास पालकांच्या संमतीवांचून धार्मिक शिक्षणांत अथवा उपासनेंत भाग घ्यावयास लावूं नये. २०२४ सालीं भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनें आपल्या शाळांस सूचना केल्या, त्यांतही अन्यधर्मीय मुलांवर आपल्या परंपरा लादूं नयेत व सकाळच्या सभेंत घटनेची उद्देशिका म्हणावी असें सांगितलें.

हें सारें लिहितांना आम्हांस स्वतःची एक चूक आठवते, ती येथें कबूल केली पाहिजे. तरुणपणीं दुसऱ्या एका गांवच्या शाळेंत आम्ही होतों. तेथें सर्व मुलांनीं इंग्रजींत प्रार्थना म्हणावी, ती अचूक म्हणावी, असा आमचा कटाक्ष असे. एके दिवशीं दुसरींतील एका मुलास आम्हीं विचारिलें, “बाळ, तूं हें काय म्हणतोस?” तो निरागसपणें उत्तरला, “फादरजी, गुरुजी हजेरी घ्याच्या आधी हे म्हनाच लागते जी.” त्या दिवशीं आमची मान खालीं गेली. मुलाचे उच्चार निर्दोष होते. दोष आमचा होता. प्रार्थना आम्हीं हजेरीच्या ओळीला नेऊन बसविली होती.

आमच्या तालुक्यांतील कचारगडच्या गुहांकडे माघ पौर्णिमेस दूरदूरचे गोंड बांधव येतात. त्या घरचें मूल शाळेंत येतें तें कोरी पाटी घेऊन येत नाहीं. नमस्कार कसा करावा हें तें आजीपासून शिकलेलें असतें. त्याचे जोडलेले हात आपण उलगडूं नयेत, आणि आपल्या शब्दांसाठीं ते बळानें जोडवूंही नयेत. सकाळची प्रार्थना थोडी असावी, मुलास कळेल अशा भाषेंत असावी. तींत क्षणभर मौन असावें, म्हणजे ज्याला जें म्हणावयाचें तें त्यानें मनांत म्हणावें. आपल्या कॅथलिक मुलांस मात्र धर्मशिक्षण, जपमाळ व मिस्सा यांची पूर्ण शिदोरी वेगळ्या वेळीं, मनापासून द्यावी. इतरांस न लादण्याच्या सबबीखालीं आपल्यांस उपाशीं ठेवणें हाही अपराधच होय. आणि सर्वांआधीं गुरुजींनीं व बाईंनीं स्वतः प्रार्थना करावी. कारण मुलें ऐकून शिकतात त्याहून अधिक पाहून शिकतात.

संत झेवियर यांची घंटा बोलावीत असे. ती कोणास ओढून आणीत नसे. ज्युबिलीच्या या वर्षीं आपल्या शाळांतील घंटेनेंही तसेंच बोलवावें, आणि ती ऐकून मुलांनीं आनंदानें धांवत यावें, हीच प्रभुचरणीं आमची विनंति.