हाजीरजामीन की फैलजामीन? : लोकमान्यांचे दोन जामीनअर्ज आणि तत्कालीन लोकमत

‘जामीन’ हा शब्द मूळचा अरबी-फारसीतला. परंतु मराठीत तो इतका मुरलेला आहे की त्याला परका म्हणण्याचे धाडस आता कोणी करणार नाही. आज आपण ‘अमक्याला जामीन मिळाला’ असे म्हणतो, तेव्हा जामीन म्हणजे न्यायाधीशाने दिलेली एखादी वस्तू आहे असा भास होतो. जुन्या मराठीत मात्र जामीन हा मनुष्य असे. एखाद्याबद्दल दुसरा ‘जामीन राहत’ असे, आणि तो कशाबद्दल जामीन राहिला यावरून त्याचे प्रकार ठरत. आरोपी बोलावल्या वेळी हजर होईल अशी हमी देणारा तो हाजीरजामीन. सरकारी देणे भरले जाईल अशी हमी देणारा तो मालजामीन. आणि संबंधित मनुष्याची वर्तणूक पुढे नीट राहील अशी हमी घेणारा तो फैलजामीन. मराठेशाहीच्या कागदपत्रांतून फिरणाऱ्याला हे शब्द नवे नाहीत.

शब्दांच्या या जुन्या वर्गवारीपासून लेखाचा आरंभ करण्याचे कारण असे की, एखाद्या गाजलेल्या गुन्ह्यातील संशयितास अटक झाली आणि त्याचा जामीनअर्ज न्यायालयापुढे आला म्हणजे लोकांत जो क्षोभ किंवा जो हर्ष उसळतो, त्याच्या मुळाशी बहुधा याच भेदाचे विस्मरण असते. अलीकडे तर कोठे अटक झाली की दुसऱ्याच दिवशी मोर्चा निघतो, आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव होतात, आणि जामीन मिळालाच तर ‘सुटला’ असा ओरडा होतो. आमच्या लोधीखेड्यासारख्या लहान गावातही शाळेतील मुले असाच प्रश्न करतात : ‘गुरुजी, जामीन मिळाला म्हणजे तो निर्दोष ठरला ना?’ या प्रश्नाला कायद्याचे कलम वाचून दाखवून उत्तर देता येईल. पण इतिहासाच्या शिक्षकाने इतिहासातून उत्तर द्यावे, हे बरे. सुदैवाने महाराष्ट्राच्या इतिहासात एकाच पुरुषाचे दोन जामीनअर्ज असे आहेत की, ते शेजारी ठेवून पाहिले असता हा सारा विषय उलगडतो.

पहिला प्रसंग १८९७ सालचा. पुण्यात प्लेगचे थैमान चालू होते आणि प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या हुकमतीखाली गोरे शिपाई घराघरांत शिरून तपासणी करीत होते. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतत असता, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलैला निवर्तले. मारेकरी सापडेनात. तेव्हा अँग्लो-इंडियन पत्रांचा, विशेषतः मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा, रोख ‘केसरी’कडे वळला. १५ जूनच्या अंकात शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता छापली होती. त्यानंतर आठवड्याभरात खून झाला. एवढा कालक्रम लोकांच्या मनाला पुरेसा वाटला.

२७ जुलै रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांच्यावर आरोप ठेवला गेला तो खुनाचा नव्हे, खुनाच्या कटाचाही नव्हे. तो भारतीय दंडविधानाच्या १२४अ कलमाखालचा, म्हणजे सरकारविषयी अप्रीती पसरविणारे लेखन केल्याचा होता. तथापि ज्या गोऱ्या समाजाने अटकेचे स्वागत केले, त्याच्या मनात खटला चालला होता तो रँडच्या खुनाचा. आरोप एक आणि संशय दुसरा, असे हे विलक्षण प्रकरण होते. त्या क्षोभाला खोटे म्हणण्याचे कारण नाही. दोन माणसे प्राणास मुकली होती, आणि मेलेल्यांच्या आप्तांचा शोक राज्यकर्त्यांच्या जातीचा म्हणून कमी खरा ठरत नाही. पण खरा शोकही चुकीच्या दाराशी जाऊन उभा राहू शकतो.

दुसऱ्या बाजूसही अफवांचे पीक कमी नव्हते. गोपाळराव गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी शिपायांच्या अत्याचारांविषयी तेथील वृत्तपत्रात गंभीर विधाने केली. परत आल्यावर त्यांना पुरावा उभा करता आला नाही, आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. या माफीबद्दल त्यांना आपल्याच लोकांकडून पुष्कळ सोसावे लागले. ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवण्याचा दोष त्या उन्हाळ्यात कोणत्याच एका पक्षाचा नव्हता, एवढे यावरून दिसते.

टिळकांचा जामीनअर्ज प्रथम मॅजिस्ट्रेटने फेटाळला. नंतर तो उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पार्सन्स व न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे गेला. त्यांनीही त्या टप्प्यावर जामीन नाकारला, परंतु पुढे पुन्हा अर्ज करण्यास वाव ठेवला. माधवराव रानडे आणि टिळक यांच्यामधील सार्वजनिक मतभेद सर्वश्रुत होते. सार्वजनिक सभेवरून उठलेला वाद तर दोन वर्षांपूर्वीचाच. तेव्हा या नकाराचा अर्थ लोकांनी व्यक्तिगत वैरात शोधला असल्यास नवल नाही. परंतु मॅजिस्ट्रेटपुढील चौकशी अजून पुरी व्हावयाची होती, ही गोष्ट त्या लोकांनी विचारात घ्यावयास हवी होती.

ती चौकशी पुरी होऊन खटला सेशनकडे वर्ग झाला, आणि ४ ऑगस्ट १८९७ रोजी अर्ज न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे आला. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर दिनशा दावर उभे होते. सरकारतर्फे ॲडव्होकेट-जनरलांचा विरोध होता. तय्यबजी हे १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. पण टिळकांच्या राजकारणाचे अनुयायी ते खचितच नव्हते. तरीही त्यांनी जामीन मंजूर केला. त्यांची विचारसरणी थोडक्यात अशी : जामिनाचा प्रधान हेतू आरोपी खटल्याच्या वेळी हजर राहावा हा होय, टिळकांच्या प्रतिष्ठेचा मनुष्य पळून जाईल असे मानण्यास आधार नाही, सेशनला अवकाश आहे आणि बचावाची तयारी करण्यास आरोपीला मोकळीक हवी, आणि महिनाभर तुरुंगात ठेवून अखेरीस तो निर्दोष ठरला, तर ती न्यायाची विटंबना ठरेल. पन्नास हजार रुपयांचा मुचलका आणि पंचवीस-पंचवीस हजारांचे दोन जामीन, अशा अटींवर टिळक बाहेर आले. जुन्या मराठीत सांगावयाचे तर तय्यबजींनी हाजीरजामीन घेतला.

या निर्णयाने मुंबई-पुण्यात आनंद झाला, बंगालमधून वर्गणी व बॅरिस्टर येऊन बचावाची सिद्धता होऊ शकली. पण जामीन म्हणजे निर्दोषित्व नव्हे, हे पुढच्याच महिन्यात सिद्ध झाले. न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे ८ सप्टेंबरला खटला सुरू झाला, आणि १४ सप्टेंबरला नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी व तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष ठरविले. शिक्षा झाली अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची. जामिनावर असलेला आरोपी ठरल्या दिवशी हजर झाला होता. तय्यबजींचा अंदाज तेवढ्यापुरता होता आणि तेवढ्यापुरता तो खरा ठरला. निकाल काय लागेल याचे भाकीत त्यांनी केलेच नव्हते.

याच वेळी घडलेली नातू बंधूंची हकीकत या चित्राची दुसरी बाजू दाखविते. टिळकांच्या अटकेच्या आगेमागेच पुण्याचे सरदार बाळासाहेब व तात्यासाहेब नातू यांना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली उचलण्यात आले आणि त्यांची मालमत्ता जप्त झाली. त्यांच्यावर आरोप नाही, खटला नाही. म्हणून जामिनाचा प्रश्नच नाही. दामोदर हरी चापेकर ऑक्टोबर १८९७ मध्ये सापडले आणि १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी गेले. नातू बंधू मात्र १८९९ पर्यंत अडकून होते. ज्या खुनाच्या संतापातून त्यांना धरले, त्याचा उलगडा झाल्यावरही त्यांचे दार उघडले नाही. टिळकांना निदान तीन न्यायासने ठोठावता आली. नातूंना एकही नव्हते. जामीनअर्ज फेटाळला जाणे आणि जामीनअर्ज करण्याची सोयच नसणे, यांतील अंतर ज्यांना क्षुल्लक वाटते, त्यांनी हे उदाहरण मनन करावे.

दुसरा प्रसंग अकरा वर्षांनंतरचा. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब फेकला गेला आणि दोन निरपराध युरोपियन स्त्रिया मृत्यू पावल्या. त्या अनुषंगाने ‘केसरी’त आलेल्या लेखांबद्दल २४ जून रोजी मुंबईच्या सरदारगृहात टिळकांना पुन्हा अटक झाली. मॅजिस्ट्रेट ॲस्टन यांनी जामीन नाकारला. उच्च न्यायालयात टिळकांच्या वतीने अर्ज चालविला तो बॅरिस्टर महंमदअली जीना यांनी. आणि न्यायासनावर होते तेच दिनशा दावर, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी तय्यबजींपुढे याच आरोपीसाठी जामीन मागितला होता. इतिहासाला कधी कधी नाटककारापेक्षा अधिक सुचते, ते असे.

जीनांनी तय्यबजींच्या निर्णयाचा आधार घेतला. दावर यांनी तो निर्णय चुकीचा म्हटला नाही. पण आरोपी हजर राहील की नाही हा एकच विचार पुरेसा नसतो, अशी भूमिका त्यांनी घेतली. आणि त्या परिस्थितीत नकाराची कारणे न सांगणेच शहाणपणाचे, असे म्हणून अर्ज फेटाळला. न बोललेल्या कारणांचा तर्क करणे इतिहासकाराला शोभत नाही; परंतु हजेरीची शंका हे कारण नसेल तर बाहेर राहून आरोपी काय करील ही शंका उरते, आणि ती फैलजामिनाच्या जातीची आहे. एकाच मनुष्याच्या बाबतीत, जवळजवळ एकाच आरोपावर, एका न्यायाधीशाने हजेरीचा प्रश्न विचारला. दुसऱ्याने, आमच्या समजुतीप्रमाणे, वर्तणुकीचा. आजही प्रत्येक जामीनअर्जात हेच दोन प्रश्न एकमेकांशी झगडत असतात.

लोकमत मात्र आता पालटले होते. १८९७ मध्ये आवाज उठला तो मुख्यतः वृत्तपत्रांतून व सुशिक्षितांतून. १९०८ मध्ये गिरण्यांतील कामकरी रस्त्यावर आला. १३ जुलैला खटला सुरू झाला. टिळकांनी आपला बचाव आपणच केला. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या कामकऱ्यांनी सहा दिवस काम बंद ठेवले. वर्षाला एक दिवस, असा त्यांचा हिशेब होता. गोळीबार झाला, माणसे मेली. दूर युरोपात लेनिनने या संपाची दखल घेतली. त्या जनसमुदायाविषयी आम्हांला अपार आदर आहे. तरीही एवढे म्हणणे प्राप्त आहे की, १८९७ चा गोरा समाज जसा पुराव्याआधी टिळकांना दोषी मानून बसला होता, तसाच हा समुदाय त्यांना पुराव्याआधी निर्दोष मानून बसला होता. एकाच्या मनात द्वेष होता, दुसऱ्याच्या प्रेम. न्यायालयाला दोन्ही बाजूला ठेवूनच काम करावे लागते. त्या न्यायालयाने ते केले की नाही, हा प्रश्न निराळा. १९५६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या त्याच इमारतीत मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते टिळकांच्या शब्दांची शिला बसविण्यात आली, यातच त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

या घटनांचे पडसाद आमच्या मुलखातही उमटले. त्या काळी हा सौसर-पांढुर्ण्याचा भाग मध्यप्रांतात होता, आणि वर्तमानपत्रे, वकील व राजकारण यांसाठी लोकांचे डोळे नागपूरकडे असत. नागपुरात पंडित माधवराव सप्रे यांनी १९०७ पासून ‘हिंदी केसरी’ चालविले होते. जन्माने मराठी आणि लेखणीने हिंदी असा हा पुरुष. आमच्या सीमाभागाला तो अधिकच आपला वाटावा. १९०८ च्या ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. घरच्यांच्या दुःसह दडपणाखाली त्यांनी माफी लिहून दिली आणि ते सुटले. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण संपले. लोकमताच्या दृष्टीने ते तेव्हा सुरू झाले. ज्या समाजाने त्यांच्या अटकेचा अभिमान बाळगला, त्याच समाजाची नजर त्यांना सुटकेनंतर सोसवेना. ते सार्वजनिक जीवनातून दूर झाले, दासबोधाच्या आश्रयास गेले, आणि पुढे ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतर करून त्यांनी जणू आपले ऋण फेडले. न्यायालयाने दिलेल्या शिक्षेला मुदत असते. लोकांनी दिलेल्या शिक्षेला ती नसते, हे सप्रे यांच्या चरित्रावरून कळते.

आता एक आक्षेप. राजद्रोहाच्या लेखाची आणि एखाद्या निर्घृण अत्याचाराची तुलना कशी करावी? आक्षेप रास्त आहे. देशभक्ताच्या जामिनाविषयी उदार होणे सोपे. ज्याच्या नावाने गाव पेटले आहे त्याच्याविषयी कठीण. साक्षीदाराला धमकावण्याचा संभव असेल, पुरावा नाहीसा होण्याचे भय असेल, तर न्यायाधीशाने जामीन नाकारावा, आणि कायदा त्याला तसा अधिकार देतोही. पीडिताच्या घरच्यांनी संताप करावा, हाही त्यांचा हक्क आहे. परंतु त्या संतापाची मागणी काय असावी? ‘तपास लवकर व पुरा करा, साक्षीदारांना संरक्षण द्या, खटला लांबवू नका’, ही मागणी न्यायाला बळ देते. ‘याचा वकील कोणी होऊ नये’, ही मागणी मात्र उद्या नातूंसारख्या कोणावर तरी उलटते.

आणखी एक गोष्ट. टिळकांसाठी पंचवीस-पंचवीस हजारांचे जामीन उभे राहिले. ज्याच्यामागे कोणीच उभे राहत नाही, त्याचे काय? १९७९ साली हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची स्थिती सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा दिसून आले की त्यांतील कित्येक जण आपल्या आरोपाला असलेल्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ खटल्यावाचून आत होते. त्यांच्या अटकेच्या वेळी मोर्चा निघाला नव्हता आणि त्यांना जामीन मिळेना म्हणून संपही झाला नव्हता.

१२४अ कलमाच्या अंमलाला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्थगिती दिली, आणि २०२४ च्या जुलैपासून जुन्या दंडविधानाच्या जागी नवी न्यायसंहिता आली आहे. कलमांचे क्रमांक बदलले. तय्यबजी व दावर यांच्यापुढचा प्रश्न बदललेला नाही. म्हणून मुलांनी पुन्हा विचारले, तर आम्ही त्यांना एवढेच सांगतो : जामीन मिळाला याचा अर्थ ठरल्या दिवशी तो येईल असा विश्वास न्यायालयाला वाटला, तो दोषी की निर्दोष, हे त्या दिवशी पुरावा ऐकून ठरेल. तोवर त्याला आपल्या भाषेत ‘आरोपी’ म्हणतात, आणि तो शब्द आपण जपून वापरावा.