तुरुंगाच्या आत बाहेरची नजर: अभ्यागत मंडळ नेमते कोण?

समजा, पेडगावच्या एखाद्या तरुणाला अटक झाली आणि न्यायालयीन कोठडीत त्याची रवानगी परभणीच्या जिल्हा कारागृहात झाली. घरचे लोक भेटीच्या दिवशी काही मिनिटे भेटतात. बाकी वेळ त्याला औषध मिळते का, मारहाण तर होत नाही ना, हे कोण पाहणार? याच कामासाठी कायद्यात ‘अभ्यागत मंडळ’ आहे.

नेमण्याचा अधिकार कोणाचा?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार तुरुंग हा राज्यांचा विषय आहे. 1894 च्या कारागृह अधिनियमातील कलम 59 ने अभ्यागतांच्या नेमणुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. त्यामुळे इथे निवडणूक नसते, परीक्षाही नसते. सरकारी आदेश निघतो आणि नेमणूक होते.

मंडळात कोण असते?

केंद्राच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत दोन प्रकारचे सदस्य सांगितले आहेत.

• शासकीय सदस्य: जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तसेच आरोग्य, बांधकाम, शिक्षण, समाजकल्याण अशा खात्यांचे जिल्हास्तरीय अधिकारी. हे पदसिद्ध असतात. अधिकाऱ्याची बदली झाली की त्या जागी येणारा अधिकारी आपोआप सदस्य होतो.

• अशासकीय सदस्य: तीन आमदार (त्यांत एक महिला), राज्य मानवी हक्क आयोगाचा एक प्रतिनिधी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते (त्यांत एक महिला).

ही नियमावली म्हणजे नमुना आहे. राज्ये आपापले नियम करतात.

मग अडते कुठे?

पदसिद्ध सदस्यांसाठी वेगळ्या नावांची गरज नसते. अशासकीय सदस्यांची नावे मात्र सरकारला ठरवावी लागतात. तो आदेश रखडला, तर तुरुंग पाहायला फक्त सरकारी अधिकारीच उरतात आणि ‘बाहेरची नजर’ कागदावर राहते.

मंडळ काय करू शकते?

सदस्य बराकी, स्वयंपाकघर, दवाखाना पाहतात, कैद्यांशी बोलतात आणि आपले शेरे अभ्यागत पुस्तकात नोंदवतात. कुणाला सोडण्याचा किंवा शिक्षा देण्याचा अधिकार त्यांना नाही. पण लेखी शेरा ही नोंद असते. पुढे चौकशी झाली तर ती उपयोगी पडते.

आता याला महत्त्व का?

15 डिसेंबर 2024 रोजी परभणीत न्यायालयीन कोठडीत असताना सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू झाला. 4 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. अशी चौकशी मृत्यूनंतर होते. अभ्यागतांची भेट त्याआधी व्हायची असते.

पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही, तुरुंगात जातिभेद होतो का हे पाहण्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळाने नियमित तपासणी करावी, असे सांगितले.

आपण काय करू शकतो?

माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून विचारा: आपल्या जिल्ह्याच्या कारागृहाचे सध्याचे अशासकीय अभ्यागत कोण, त्यांच्या नेमणुकीचा आदेश कोणत्या तारखेचा आणि शेवटची भेट कधी झाली? उत्तराची मुदत साधारण 30 दिवसांची आहे. उत्तर ‘पद रिक्त’ असे आले, तर पुढचा प्रश्न आपल्या आमदाराला विचारता येतो.