यतीम मुलांसाठी लांब पल्ल्याची सायकल राईड: पैसा कसा जमतो, कुठे अडतो

चॅरिटी राईड म्हणजे शर्यत नव्हे. पहिला कोण आला याला इथे किंमत नाही. सायकलस्वार एक लांबचा पल्ला जाहीर करतो आणि नातेवाईक, दोस्त, मोहल्ल्यातले लोक त्या निमित्ताने एखाद्या कामासाठी पैसे देतात.

ब्रिटनमधल्या मुस्लिम संस्थांनी ही पद्धत चांगली रुजवली आहे. लंडन ते पॅरिस ही त्यांची आवडती वाट, साधारण तीन-चार दिवसांची. भाग घेणारा नोंदणीची फी भरतो आणि किमान ठरावीक रक्कम जमवण्याची जबाबदारी घेतो. तिथला करदाता दान देतो तेव्हा 'गिफ्ट एड' योजनेतून सरकार एका पौंडामागे २५ पेन्स संस्थेला वेगळे देतं. २०१५ पासून 'बिग राईड फॉर पॅलेस्टाईन' ही राईड गाझातल्या मुलांसाठी निधी जमवते. २०१७ मध्ये काही ब्रिटिश मुसलमान तर लंडनहून निघून सायकलवर मदिनेपर्यंत गेले. हजची नियत होतीच, सोबत सीरियातल्या वैद्यकीय मदतीसाठी निधीही जमवला.

आपल्या महाराष्ट्रातलं जवळचं उदाहरण नाशिकचं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यांच्या संघाचं नावच 'व्हिजन फॉर ट्रायबल्स' होतं, म्हणजे सायकलीमागे आदिवासींच्या कामाचा हेतू होता.

परदेशातल्या लोकांच्या दुःखासाठी इथून वर्गणी जाणं, हे सोलापूरला नवं वाटायला नको. १९३८ मध्ये जपानी हल्ल्याने होरपळलेल्या चीनसाठी सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनावर देशभर निधी जमला आणि पाच डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ मध्ये तिथेच ते गेले.

सोलापूरहून राईड काढायची तर रस्ते आहेत. पंढरपूर सत्तरएक किलोमीटर, विजापूर शंभरच्या आसपास, पुणे अडीचशे, हैदराबाद तीनशेच्या वर. अंदाजासाठी लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांचं 'ब्रेव्हे' हे माप वापरावं: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ६०० ला ४० तास. म्हणजे पुण्याला एका दिवसात जाणं सराव असलेल्यालाच जमेल. नवख्याने दोन मुक्काम धरावेत. एप्रिल-मे महिन्यांचं नावही काढू नये. सोलापूरचा पारा तेव्हा चाळिशीच्या वर असतो. पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी, हाच खरा मोसम. हायवेवर हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि सोबत एक गाडी, यात काटकसर नको.

पेडल मारणं त्यामानाने सोपं आहे. खरा घोळ पैशाचा होतो, आणि आपल्याकडे त्यावर कोणी बोलत नाही.

भारतातून परदेशी पैसा पाठवणं 'फेमा' कायद्याखाली येतं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एक व्यक्ती आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत पाठवू शकते आणि त्यात परदेशी संस्थेला दान देण्याचाही समावेश आहे. पॅन लागतो. पण ही सोय ज्याच्या त्याच्या स्वतःच्या पैशासाठी आहे. शंभर लोकांची वर्गणी एका पोराच्या खात्यात जमा करून ती त्याच्या नावाने बाहेर पाठवणं म्हणजे त्या पोराला अडचणीत टाकणं. हवालाचा विचारही करू नये. नियत कितीही साफ असली तरी तो गुन्हाच आहे. शिवाय ८०जीची करसवलत परदेशी संस्थेला दिलेल्या दानावर मिळत नाही. इथल्या ट्रस्टलाही परदेशात खर्च करून करमाफी हवी असेल तर वेगळी परवानगी लागते. नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. म्हणून देणाऱ्याने आपल्या खात्यातून थेट संस्थेला द्यावं आणि सायकलस्वाराने फक्त आवाहन करावं, हा मार्ग आम्हाला सर्वांत सुरक्षित वाटतो.

जकातीचा मुद्दाही आहेच. फिकहमध्ये यतीम म्हणजे बालिग होण्याआधी ज्याचा बाप वारला ते मूल. युनिसेफ मात्र आई किंवा बाप, दोघांपैकी एक गेला तरी त्या मुलाला अनाथांत मोजतं. त्या मोजणीने २०१५ मध्ये जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुलं होती, आणि त्यातली दोन्ही पालक गमावलेली साधारण दीड कोटी. जकातीच्या आठ हकदारांत यतीम हा वेगळा गट नाही. मूल गरीब असेल तर त्या नात्याने ते हकदार ठरतं. तेव्हा पावतीवर जकात आणि सदका वेगळे लिहावेत. सायकलस्वाराचं जेवण, मुक्काम, टायर-ट्यूब यांचा खर्च जमलेल्या निधीतून काढू नये. तो स्वतःच्या खिशातून किंवा वेगळ्या प्रायोजकाकडून यावा आणि तसं आधीच जाहीर करावं.

गाझा, सीरियासाठी जीव तुटतो तो खराच. पण बाप गेलेली लेकरं आपल्या गल्लीतही आहेत, आणि विडी वळून त्यांना वाढवणाऱ्या आयाही. त्यांच्यासाठी राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या, १८ वर्षांखालच्या मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये. अनेक घरांना ती माहीतच नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. पालकाचा मृत्यू दाखला, मुलाचं आधार, शाळेचा बोनाफाईड आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवले तर खेटे वाचतात. राईड काढणाऱ्या पोरांनी वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाच्या मशिदीत या योजनेचे अर्ज सोबत नेले, तर त्या सायकलींना दुहेरी काम होईल. अडचणीत सापडलेलं मूल दिसलं तर १०९८ हा फोन नंबर मोफत आहे.